बारा वर्षांचे कर्ज आणि सहा वर्षांचा प्रोजेक्टर

प्रश्न : माझे वय ४४. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. जुळे सोलापुरात स्वतःचे घर असून गृहकर्जाची १२ वर्षे बाकी आहेत. वरच्या मजल्यावरील १५ बाय १२ फुटांच्या खोलीत होम थिएटर करण्यासाठी ९ लाखांचे कोटेशन आले आहे. एका नागरी सहकारी बँकेत माझ्या एकट्याच्या नावे प्रत्येकी ४ लाखांच्या तीन मुदत ठेवी आहेत. त्यांपैकी एकीची मुदत दोन महिन्यांत संपेल. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात साडेआठ लाख आहेत. हप्त्यासह घरखर्च महिना ७५ हजार. ठेवी मोडू की गृहकर्जावर साडेनऊ टक्क्यांनी टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घेऊ? टॉप-अपवर करसवलत मिळते आणि घराची किंमतही वाढते, असे कॉन्ट्रॅक्टर म्हणतो. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण विचारलेले दोन्ही मार्ग मला पसंत नाहीत; मात्र खोली करूच नये, असेही माझे म्हणणे नाही. हा हौसेचा खर्च आहे, हे आधी मान्य करावे. ९ लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर करापूर्वी वर्षाला ६३ हजार रुपये व्याज मिळते आणि तेवढ्यात आपले कुटुंब वर्षभर दर महिन्याला दोनदा चित्रपटगृहात जाऊन येईल. त्यामुळे बचतीचा हिशेब मांडून या खोलीचे समर्थन करता येणार नाही. घराची किंमत वाढण्याचेही तसेच आहे : उद्या घर घेणारा माणूस काळ्या भिंतींच्या, खिडकी बुजवलेल्या खोलीला शयनगृहापेक्षा जास्त भाव देईल, याची शाश्वती नाही.

आता टॉप-अपचा हिशेब पाहू. ९ लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी १२ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १०,५०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड १५ लाखांच्या थोडी वर जाते. म्हणजे ६ लाख रुपये नुसते व्याजाचे. माझा मुख्य आक्षेप मात्र व्याजाच्या रकमेला नसून मुदतीला आहे. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा साधारण ३,००० ते ५,००० तास चालतो. लेझर प्रोजेक्टरचा प्रकाशस्रोत २०,००० तासांपर्यंत टिकत असला, तरी जोडणीची मानके आणि चित्राचा दर्जा इतक्या वेगाने बदलतो की पाच-सहा वर्षांत माणूस नव्या यंत्राकडे पाहू लागतो. यंत्र भंगारात गेल्यावरही सहा वर्षे त्याचा हप्ता भरत राहणे, याला कर्ज स्वस्त आहे म्हणून घेतले, असे म्हणता येत नाही. कारखान्यात माग घेताना आपण त्याच्या आयुष्यापेक्षा लांब मुदतीचे कर्ज घेणार नाही. घरातही तोच नियम लावावा.

करसवलतीबाबत कॉन्ट्रॅक्टरने अर्धेच सांगितले आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि गृहकर्जाच्या २ लाखांच्या मर्यादेच्या आतच. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि प्रोजेक्टर किंवा रिक्लायनर (मागे झुकणारी आरामखुर्ची) म्हणजे घराची दुरुस्ती नव्हे. यंत्रे कारखान्याच्या नावावर घेऊन जीएसटीचा परतावा घ्या, असेही कोणीतरी सुचवेल. घरगुती वापराच्या वस्तूवर तो घेता येत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

ठेवींकडे वळण्यापूर्वी, आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून फक्त ५ लाखांपर्यंत आहे. ही मर्यादा २०२० पासून लागू आहे. आपले १२ लाख एकाच बँकेत एकाच नावावर असल्यामुळे ७ लाखांहून अधिक रक्कम विम्याबाहेर आहे. बँक चांगली चालली असेलही, पण सोलापुरात सहकारी बँकांशी आपले संबंध पिढ्यानपिढ्यांचे असतात आणि त्या ओळखीपोटी हा मुद्दा नेहमीच मागे पडतो. म्हणून दोन महिन्यांनी मुदत संपणारी ठेव नूतनीकृत करू नये. तीच या खोलीच्या कामी येईल आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंडही वाचेल. उरलेल्या दोन ठेवींपैकी जिची मुदत आधी संपेल, ती दुसऱ्या बँकेत हलवावी.

मग ४ लाखांत काय होईल? कोटेशनची फोड पाहा : भिंती, छत आणि कार्पेट २,२०,०००, वायरिंग व एसी १,००,०००, प्रोजेक्टर आणि १३५ इंची पडदा २,००,०००, बारा स्पीकरची ध्वनियंत्रणा २,००,०००, आठ रिक्लायनर आणि मागच्या रांगेचा चौथरा १,८०,०००. यातील पहिल्या दोन बाबी घराला कायम चिकटून राहणाऱ्या आहेत आणि नंतर त्या करायच्या म्हटले तर सारे उकरावे लागते. उरलेल्या तिन्ही बाबी दुकानातून कधीही आणता येतात, आणि थांबल्याने सहसा अधिक चांगल्या मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टर, मोठे टीव्ही आणि एसी यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. आपले कोटेशन जुन्या दराने केलेले नाही ना, एवढे तपासावे.

शिवाय ही यादी खोलीपेक्षा मोठी झाली आहे. १३५ इंची पडद्याची रुंदी जवळपास १० फूट होते; १२ फुटांच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक फूट उरतो आणि समोरचे स्पीकर ठेवायला जागा राहत नाही. ११ फुटांवर बसणाऱ्याला १०० इंची पडदा डोळ्यांना पुरेसा भरतो. पूर्ण उघडलेल्या रिक्लायनरला साधारण साडेपाच फूट लागतात, म्हणजे दोन रांगांनी ११ फूट खाल्ल्यावर पुढच्यांचे पाय पडद्यापासून चार फुटांवर येतील. घरात चार माणसे असताना आठ खुर्च्या कोणासाठी, हेही विचारावेसे वाटते. बारा स्पीकरऐवजी पाच, एक वूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर) आणि छतातील दोन, एवढी यंत्रणा या खोलीला पुरते. छतात चार जागी वायर मात्र आताच टाकून ठेवावी, आणि ती रुंद पाइपमधून न्यावी, म्हणजे पुढे बदलता येईल.

भिंतींच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत, पण काय विकत घेत आहात ते समजून घ्यावे. भिंतीवर फोम चिकटवल्याने खोलीतील घुमणे कमी होते. शेजारच्या खोलीत जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी जड दुहेरी भिंत, मधली पोकळी आणि फटी बंद केलेला दरवाजा लागतो. मुलीची अभ्यासाची खोली त्याच मजल्यावर असल्यास खर्चाचा भर इथेच द्यावा. आवाज शोषणाऱ्या पॅनेलमध्ये ग्लासवूल किंवा रॉकवूल, म्हणजे काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचा कापूस, भरतात. जाड टेरी टॉवेलच्या घड्याही ते काम बऱ्यापैकी करतात, आणि त्यांचा तर आपल्याकडे तोटा नाही. मात्र सूत पेट घेते, त्यामुळे ती पॅनेले वायरिंगपासून दूर ठेवावीत. कोटेशनमध्ये न दिसलेला एक खर्च मी धरेन : गच्चीवरील स्लॅबला उष्णतारोधक लेप, अंदाजे ३०,००० रुपये. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा खिडकी नसलेली वरच्या मजल्यावरची खोली दीड टनाच्या एसीलाही दमवते. स्वतंत्र अर्थिंग आणि महावितरणकडील मंजूर भार हेही आधीच पाहून घ्यावे.

भिंती-छत, वायरिंग-एसी आणि हा लेप मिळून असे ३,५०,००० रुपये पहिल्या टप्प्यात लागतील. त्यानंतर ठेवींत साडेआठ लाख राहतात. व्यावसायिकाच्या घरात, जिथे येणी अडकली की घरखर्चही अडतो, तिथे मी नऊ महिन्यांचा खर्च, म्हणजे पावणेसात लाख, बाजूला असावा असे मानतो. तो सुरक्षित राहतो. ९ लाख काढले असते तर केवळ चार महिन्यांचा उरला असता. म्युच्युअल फंडाला हात लावू नये.

टॉप-अपचा १०,५०० रुपयांचा हप्ता भरण्याची आपली तयारी होतीच. तीच रक्कम २४ महिने आवर्ती ठेवीत भरल्यास व्याजासह सुमारे २ लाख ७० हजार जमतील, आणि १०० इंची पडदा, मध्यम प्रोजेक्टर व आठ नगांची ध्वनियंत्रणा त्यात बसवता येईल. तोवर मुलीची बारावीची परीक्षाही झालेली असेल. मधल्या काळात दिवाणखान्यातील टीव्ही त्या खोलीत नेऊन लावावा. रिक्लायनर शेवटी, आणि चारच. ‘नो कॉस्ट ईएमआय’ने ते आधी आणण्याचा मोह होईल, पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. रोखीने मिळणारी सूट तिथे सोडून द्यावी लागते.

कॉन्ट्रॅक्टरला पहिल्या टप्प्याचे वेगळे कोटेशन लेखी द्यायला सांगावे, आणि त्यात ग्लासवूलची घनता, दरवाजाची जाडी व वायरचा गेज (तारेची जाडी) नमूद करून घ्यावा. तो नुसत्या भिंतींचे काम घ्यायला तयार नसेल, तर त्याचा नफा यंत्रांच्या विक्रीत आहे असे समजून दुसरा माणूस शोधावा.