शाळा गुजरातीतून झाली, घरी मराठी बोलतो. मराठीत कविता लिहायला सुरुवात कशी करू?

मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. तुम्ही विचारलंय की आपलं मराठी पुण्यासारखं नाही, मग कविता जमेल का, आणि मुक्तछंदापासून, म्हणजे अक्षरांची ठरलेली मोजणी नसलेल्या कवितेपासून, सुरुवात केली तर सोपं जाईल का. पहिल्याची काळजी सोडा. ज्या गावाने चंद्रशेखर आणि पुढे यशवंत यांना राजकवी केलं, जिथे १८९४ साली माधव जूलियन जन्मले, तिथल्या माणसाने मराठीबद्दल संकोच कशाला करायचा?

मुक्तछंदाचं मात्र माझं उत्तर ‘नको’ असं आहे, निदान आत्ता तरी. ओळ कुठे तोडायची हे तिथे फक्त कान सांगतो, आणि तुमचा कान अजून तयार व्हायचाय. अष्टाक्षरीने सुरुवात करा. नियम एकच, ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. हे आत्ता तुमच्यासाठी जुळवलं:

सूरसागराच्या काठी
दिवे लागले पाण्यात
आजी वाट बघे दारी
चहा निवतो कपात

कविता म्हणून बेताचीच आहे, पण बोटांवर मोजून बघा. ‘च्या’ एक, ‘ण्या’ एक. आता तिसरी ओळ ‘आजी दारात वाट बघते’ अशी करून मोठ्याने म्हणा. अक्षरं दहा झाली, आणि मोजायच्या आधीच जीभ अडखळते. ते अडखळणं ओळखता यायला लागलं की निम्मं काम झालं. नवरात्रात गरब्याचा ठेका चुकला की तुमचा पाय आपोआप थबकतो ना, तसंच.

अष्टाक्षरी हाताला बसली की मोठा अभंग घ्या. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. शेवटचा चार अक्षरांचा चरण फार शिकवतो, कारण तिथे पाल्हाळाला जागाच नसते. गणवृत्तांची, म्हणजे लघु (ऱ्हस्व) आणि गुरु (दीर्घ) अक्षरांचा क्रम ठरलेल्या वृत्तांची, घाई नको. त्यातलं भुजंगप्रयात तोंडात बसवायचं असेल तर मनाचे श्लोक म्हणा, लघु-गुरु-गुरु चार वेळा, बारा अक्षरं. ‘छंदोरचना’ हा माधव जूलियन यांचा ग्रंथ थोर आहे, पण पहिल्याच महिन्यात उघडलात तर कविता राहील बाजूला आणि तुम्ही गण (लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट) पाडत बसाल. गझलेचा मोह झाला तर सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ आधी वाचा. नुसती दोन-दोन ओळींची यमकं जुळवली म्हणजे गझल होत नाही.

विषयाचं म्हणाल तर चंद्र, आसवं, काळजाचा अंधार हे सगळं वर्षभर बंद. नवशिक्याच्या वहीत ते आपसूक येतं आणि कुणाचंही असू शकतं. लहेरीपुऱ्यातली दुपार, गुजरातीत भांडणारे आणि मराठीत रडणारे शेजारी, हे तुमच्याकडे आहे, पुण्याच्या कवीकडे नाही. बोलताना येणारा गुजराती शब्दही येऊ द्या, फक्त गंमत म्हणून मुद्दाम पेरू नका.

वाचन हवंच. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (१९१० सालचं आहे) मराठी पुस्तकंही आहेत. एका कवीचं एकच पुस्तक आणा आणि मोठ्याने वाचा. आवडलेली कविता वहीत हाताने उतरवून काढा, त्यात अक्षरांची मोजणीही आपोआप होते.

लिहिलेलं दाखवायचं तर अशा एकाला, जो ‘ही ओळ कळली नाही’ असं तोंडावर सांगेल. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे सगळ्यालाच ‘वा वा’ मिळते.

दिवाळी अंकाबद्दलही विचारलंत. बरेच अंक पावसाळ्याच्या आधीपासूनच साहित्य जमवायला लागतात, त्यामुळे गणपतीत पाठवलेलं बहुधा उशिराचं ठरतं. यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी पाठवाल तेव्हा दोन-तीनच कविता पाठवा आणि प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण नापसंत कविता परत येतीलच असं नाही.