खासदाराला सीमेवरचं काय विचारायचं?

प्रश्न : लोकसभेचा प्रचार सुरू झालाय. सासूबाई म्हणतात, यंदा मत फक्त देशाच्या सुरक्षेवर, पाण्याचं-रस्त्याचं नंतर बघू. नवरा म्हणतो, त्यातलं आपल्याला काय कळतं? देश अडचणीत असताना सरकारविरुद्ध मत दिलं की एकी मोडते, असंही परवा एका सभेत ऐकलं. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, म्हणून हे जिवाला लागतं. त्याचं मत कसं पडतं, तेही सांगा.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मी 22 वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी युनिटच्या ऑफिसात कारकुनी करत. त्यामुळे माझं उत्तर थोडं कागदी वाटेल, सांभाळून घ्या.

सासूबाईंचं चुकत नाही. सुरक्षा हा मत देण्याजोगाच विषय आहे. पण त्यावर मत द्यायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, इथे घोळ होतो.

माझे वडील 1962 साली उत्तर मुंबईचे मतदार होते. फेब्रुवारीतली निवडणूक, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. चीनच्या सीमेवर आपली तयारी नाही, असं कृपलानी कंठरवानं सांगत होते. पण डिसेंबरातच गोवा मुक्त झालेला, लोक खुशीत. मेनन मोठ्या फरकानं निवडून आले. आठ महिन्यांनी चीननं हल्ला केला, मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. सह्याद्रीला का धावावं लागलं, ते कमी सांगतो. मेनन यांना मत दिल्याचा वडिलांना पस्तावा नव्हता. त्यांना सलायचं ते वेगळंच. म्हणायचे, “एवढ्या सभा ऐकल्या, पण डोंगरावरच्या पोरांच्या अंगावर गरम कपडे आहेत का, हे आमच्यातल्या एकानंही उठून विचारलं नाही.”

नवऱ्याला हेच सांगा. तोफेचा पल्ला आपल्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. पायात बूट आहे का, हे कळतं.

उमेदवार दारात आला की विचारा : संरक्षणाची संसदीय स्थायी समिती असते, दोन्ही सभागृहांचे मिळून 31 खासदार असतात, तिचा एखादा तरी अहवाल वाचलाय का? मागच्या वेळी निवडून आला असेल तर संरक्षण खात्याला किती प्रश्न विचारले? ते लोकसभेच्या संकेतस्थळावर दिसतं, मुलांना शोधायला सांगा. ही कामं रेंगाळतात, म्हणून तर विचारायचं. कारगिलनंतर लगेच चौकशी समिती बसली. तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख हवा, ही शिफारस मंत्रिगटानं 2001 मध्ये केली. तो नेमला गेला डिसेंबर 2019 च्या अखेरीस. मधल्या काळात सरकारं दोन्ही बाजूंची होती.

आणि रस्ता-पाणी सोडायचं कशाला? 1999 मध्ये, कारगिलनंतर दोनच महिन्यांत, महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदमच झाल्या. युतीला लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा मिळाल्या, विधानसभेत मात्र बहुमत नाही, राज्यातली सत्ता गेली. कारणं बरीच असतील. पण दिल्लीचा हिशोब वेगळा आणि मुंबईचा वेगळा, हे मतदाराला एकाच केंद्रात उभं राहून जमलं.

आता एकीचं. सभेतल्या त्या वाक्याचा मला राग येतो, म्हणून जरा जोरात लिहितो. 1962 चं युद्ध चालू असताना तरुण वाजपेयींनी संसद लवकर बोलवा अशी मागणी केली. नेहरूंनी अधिवेशन बोलावलं आणि टीका ऐकून घेतली. हरलेले कृपलानी पुढच्या वर्षी अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले आणि ऑगस्ट 1963 मध्ये त्यांनी पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूनं 62, विरुद्ध 347. देश मोडला नाही. उलट 1994 मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला शिष्टमंडळ पाठवताना पंतप्रधान नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना पाठवलं. ते गेले, आणि परत येऊन पुन्हा विरोधी बाकावर बसले. एकी ती हीच की! तुमच्या मतावर ती तुटेल इतकी लेचीपेची नाही. जवानांचे फोटो लावून मतं मागू नका, असं निवडणूक आयोगानं 2013 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये पक्षांना बजावलंय, तेही त्या वक्त्याच्या कानावर घाला.

भावाचं मत. सैनिकांची नावं मतदार यादीत ‘सेवा मतदार’ म्हणून वेगळी असतात, गावच्याच मतदारसंघात. आमच्या वेळी मतपत्रिका टपालानं यायची, लिफाफ्यात लिफाफा. 1999 ला माझ्या टेबलावर तो गठ्ठा आला तेव्हा रेडिओवर निकाल सांगून झाले होते. माझाही लिफाफा त्यातच. एक जवान म्हणाला, “साहेब, भरून तर ठेवू!” आणि त्यानं खरंच भरला.

आता मतपत्रिका ऑनलाइन येते, युनिटमध्ये छापून घेतात. खूण करून, प्रतिज्ञापत्रावर अधिकाऱ्याची सही घेऊन ती टपालानंच परत पाठवायची. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरल्या वेळेआधी पोचली तरच धरतात. तेव्हा भावाला आजच फोन करा, नाव सेवा मतदारांत आहे का बघायला सांगा, आणि मतपत्रिका हातात आली की त्याच दिवशी टपालात टाकायची. सुट्टीवर येताना घेऊन येतो, असं म्हणाला तर रागवा.