संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

प्रश्न : ताई, मी कराडची, टी.वाय. बी.कॉम.ला आहे. मला केबिन क्रू, म्हणजे एअर होस्टेस, व्हायचंय आणि त्यावरून घरात चार महिने धुसफूस चालू आहे. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. ते नाही म्हणत नाहीत, पण विषय निघाला की ताटावरून उठतात. आजी म्हणते, "शिकूनसवरून परक्यांना चहापाणी देत फिरणार का?" अहमदाबादच्या अपघातापासून आईने तर बोलणंच तोडलंय. चुलत्यांना माझ्या लग्नाची काळजी. पुण्यातली एक इन्स्टिट्यूट १ लाख ४० हजार फी सांगतेय, 'नोकरीची हमी' म्हणून. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. माझी उंची १५८ सें.मी. आहे. घरच्यांचं मन मोडून जाऊ का? मला जग बघायचंय.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी फीचं बोलते, कारण त्याला तारीख आहे. ते पैसे भरू नकोस. विमान कंपन्या साधारणपणे बारावी पास, वय, उंची, तब्येत आणि बोलणं बघतात. १५५ सें.मी.च्या आसपास उंची चालते, म्हणजे तू त्यात बसतेस. निवड झाली की प्रशिक्षण कंपनीच देते. निवड कंपनीच्या हातात असताना बाहेरची संस्था हमी कशाच्या जोरावर देणार? बाबांच्या पगारातले इतके पैसे एका कागदावर विसंबून जाऊ देऊ नकोस. आणि नोकरीसाठी पैसे मागणारा फोन आला, तर तो सरळ खोटा समज.

आता आजीचा प्रश्न. मी २६ वर्षं केबिन क्रू म्हणून फ्लाय केलं. माझे वडील गिरणी कामगार, तेही हेच म्हणाले होते. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आज आहे. टेक-ऑफच्या आधी आम्ही दरवाजाजवळच्या जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, पट्टे आवळून बसतो, हात मांडीखाली, तळवे वर. त्या अर्ध्या मिनिटात प्रत्येक जण मनात उजळणी करत असतो. माझा दरवाजा कोणता. बाहेर आग दिसली तर तो उघडायचा नाही. बाहेर उतरायची स्लाइड, म्हणजे हवेची घसरगुंडी, आपोआप फुगली नाही तर लाल हँडल ओढायचं. पहिली हाक काय द्यायची. माझ्या जवळच्या रांगेत म्हातारं कोण, कुणाच्या मांडीवर बाळ आहे. प्रवाशांना दिसते ती नीट केस बांधून समोर बघत बसलेली मुलगी. मी प्रत्येक उड्डाणाला ही उजळणी केली, एकदाही चुकवली नाही.

दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू हवा, असा नियम आहे. विमानात चहा चढवला नाही तरी ते उडतं. क्रू कमी पडला तर उडत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. आतली घोषणा यंत्रणा बंद, आठांपैकी तीनच दरवाजे वापरता आले. क्रूने मेगाफोनवर आणि घसा फोडून ओरडत सगळ्यांना बाहेर काढलं. सगळी वाचली.

हे आजीला सांग, पण बाबांच्या देखत सांग. एसटीत लिहिलेलं असतं ना, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'? विमानात तो मार्ग उघडणारं माणूस म्हणजे केबिन क्रू. हे बाबांना समजावून सांगावं लागणार नाही. मुक्कामी गाडीवर गेलेला, गर्दीत तोल सांभाळत उभा राहिलेला, दारू पिऊन चढलेल्याला खाली उतरवलेला माणूस आहे तो. मला वाटतं, ते ताटावरून उठतात ते म्हणूनच. लोक कसे बोलतात, कसे अंगाशी येतात, हे घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांना विचार. "बाबा, तुम्ही ड्यूटीवर अशा माणसाचं काय करता?" असं विचार आणि ऐकून घे.

कारण ती भीती खरी आहे. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका प्रवाशाने ट्रे घेताना माझा हात धरून ठेवला. मी रिपोर्ट लिहिला, तो कंपनीने दाबला. मला त्याचा राग आजही आहे. आता २०१७ पासून असभ्य प्रवाशांसाठी तीन पातळ्यांचे नियम आहेत. अंगाला हात लावणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी होऊ शकते. तरीही आवाज तुलाच चढवावा लागेल.

आईला "काही होत नाही गं" असं म्हणू नकोस. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या त्या विमानात दहा केबिन क्रू होते, काही आपल्या मुंबई-ठाण्याकडचे. त्या संध्याकाळी आमच्या जुन्या बॅचच्या बायका एकमेकींना नुसते फोन करत होतो. बोलायला काही नव्हतं. आईच्या शेजारी बस, तिला रडू दे, आकडे सांगू नकोस. तिला वेळ लागेल.

लग्नाचं एवढंच सांगते. पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच रद्द केली, आणि आज २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. आमच्या बॅचमधल्या बहुतेकींचे संसार झाले.

'जग बघायचंय' या तुझ्या कारणाने मात्र मी थोडी थांबले. देशांतर्गत विमानांवर दिवसाला चार-चार फेऱ्या होतात, बहुतेक गावांची फक्त धावपट्टी दिसते. पाय सुजतात. उलटीची पिशवी हातात घेऊन पुढच्याला हसून उत्तर द्यावं लागतं. माझ्या कितीतरी दिवाळ्या हॉटेलच्या खोलीत गेल्या. तू एक करून बघ : आठ दिवस रोज वेगळ्या वेळी ऊठ, एकदा रात्री दोनला, एकदा पहाटे पाचला, आणि उठल्यावर तासाभरात केस-कपडे नीट करून कॉलेजला किंवा कामाला लाग. आठव्या दिवशीही माणसांशी गोड बोलावंसं वाटलं, तर तुझं कारण नुसतं जग बघण्यापेक्षा पक्कं आहे.

माझं मत विचारशील तर जा. पण बी.कॉम. पूर्ण करून जा. जेट एअरवेज ही विमान कंपनी एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट ही दुसरी मे २०२३ मध्ये. कालपर्यंत उडणारी मुलं एका रात्रीत घरी बसली. तेव्हा पदवी हाताशी असलेल्यांना दुसरं काम लवकर मिळालं, हे मी जवळून पाहिलंय.

मुलाखतींच्या तारखा कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर येतात. पुण्या-मुंबईतली एक तारीख ठरव, बाबांची साप्ताहिक सुट्टी बघून. त्यांनाच सोबत ने. बाहेर थांबलेल्या बाकीच्या मुलींच्या आईवडिलांशी ते बोलतील. प्रशिक्षणात पैसे मिळतात का, बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा, हे आत लेखी विचारून घे आणि तो कागद बाहेर येऊन आधी त्यांच्या हातात दे.