वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातील चांदीचे रुपये

प्रश्न : आजीच्या पेटीत सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये निघाले. काही १९३८ सालचे आहेत, बाकीचे १९४० ते १९४५ या काळातले. वजन सगळ्यांचे सारखेच भरते, तरी सराफ नंतरच्या रुपयांना निम्माच भाव सांगतो. यात फसवणूक तर नाही ना? (वाचक, सांगली)

उत्तर : सराफाचे म्हणणे बरोबर आहे. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हे युद्धातही बदलले नाही. बदलला तो धातूचा कस. १९३८ च्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे. १९४० मध्ये फ्रान्स पडला, नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला आणि जो तो नोटा मोडून बंदे रुपये साठवू लागला. गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ बाळगणे सरकारने गुन्हा ठरवले, एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि नव्या रुपयात चांदी निम्म्यावर आणून उरलेल्या भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त मिसळले. म्हणून जुन्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते, तर युद्धकाळातल्या रुपयात ५.८३ ग्रॅम. त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने याला गुणले की धातूचे मोल कळते.

तराजू हा फरक दाखवत नाही. तो आधी सालावरून आणि मग कडेवरून ओळखावा. १९३८ च्या नाण्याची कड साधी, उभ्या रेघांची आहे. युद्धकाळातल्या बहुतेक रुपयांच्या कडेला मधोमध नक्षीदार चर आहे, जो बनावट नाण्यांना आळा घालण्यासाठी आणला गेला. झिजलेल्या नाण्याच्या उंचवट्यांवर तांब्याची झाकही उमटते.

धातूचे मोल ही मात्र खालची मर्यादा आहे. त्यापुढची किंमत साल, टाकसाळ आणि नाण्याची स्थिती यांवर ठरते. राजाच्या मुकुटावरचे बारीक काम स्पष्ट असेल, तर संग्राहक वजनाच्या हिशेबापेक्षा अधिक देतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रुपये रांगोळीने घासून लख्ख करण्याची पद्धत आहे. त्या घासण्यात हेच काम पुसले जाते आणि नाणे केवळ मोडीच्या भावाचे उरते. पूजेत ठेवायचे दोन रुपये वेगळे काढावेत आणि बाकीच्यांना कृपया हात लावू नये.

प्रश्न : १९३९ चा रुपया खरोखरच इतका महाग असतो का? (वाचक, नाशिक)

उत्तर : असतो, कारण मुंबईच्या टाकसाळीत पडलेल्या त्या सालच्या रुपयांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. पण याच कारणाने बाजारात नकली नाण्यांचा सुळसुळाट आहे. १९३८ मधला आठ कोरून नऊ केला जातो, म्हणून भिंगाखाली शेवटचा नऊ त्याच सालातल्या आधीच्या नऊशी ताडून पाहावा आणि आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली आहे का, तेही तपासावे. कडेला चर असेल किंवा सराफाच्या तपासणी यंत्रावर चांदी निम्मीच निघाली, तर ते नाणे घेऊ नये. दोन्ही कसोट्यांना उतरले, तरीही जाणकार नाणेतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज पैसे देऊ नयेत. केवळ छायाचित्रावरून १९३९ चा रुपया विकत घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.