नवव्या दिवशी काका आलेच नाहीत

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पुलाखाली झोपणाऱ्या एका काकांना त्यांनी भांडी घासायला ठेवलं. पाय अधू, आधार कार्ड हरवलेलं, दारूची सवय. सकाळी सातला बोलावलं की नऊला यायचे, बसल्या जागी पेंगायचे. पगार महिनाअखेरीस ठरला होता, पण नवव्या दिवशी ते आलेच नाहीत. घरचे म्हणतात, अशांना कामच नको असतं. ताई विचारतात, पुन्हा बोलावू का?

प्रिय ताई,

जरूर बोलवा. पण आधी काय झालं ते त्यांनाच विचारा. तुमच्या पत्रात घरच्यांचं मत आहे, शेजारणीचंही आहे. काकांचं एकही वाक्य नाही.

पुलाखाली झोप कसली लागते? चपला उशाला, बोचकं पोटाशी. त्यात भिकाऱ्यांना पकडण्याचा १९५९ चा कायदा आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे गाडीत घालून नेतील ही धास्ती असतेच. तुमच्याकडे भांडी दुपारनंतर साचतात ना? मग अकराला बोलवा. घासायला उंच स्टूल द्या आणि बोचक्यासाठी कुलपाचा एक कप्पा. सामान कुणाच्या भरवशावर टाकायचं, एवढ्यासाठी कामावर न जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

मजुरी रोजच्या रोज द्या. महिनाभर त्यांनी काय खायचं? पैसे दारूत जातील ही तुमची भीती मला कळते, पण कष्टाचे पैसे त्यांचेच आहेत. 'आधी दारू सोडा' अशी अटही घालू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पिऊन आले, तर त्या दिवशी काम नाही, उद्या या, एवढंच सांगा.

कागदपत्रं सावकाश करा. आधार पूर्वी काढलेलं असेल, तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुना नंबर सापडतो. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला चालतो. मग जनधन खातं. तुम्ही स्वतः सोबत जा; एकट्याला खिडकीवरूनच परत पाठवतात.

आणि ताई, पुलाखाली जाताना त्या आठ दिवसांची मजुरी घेऊन जा. ती द्यायची राहिली आहे, असं पत्रावरून दिसतं.

तुमची,
ताई