घावन तव्याला चिकटतं, जाळी पडत नाही. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की विकतचं मोदकाचं पीठ वापरता, पीठ घट्टसर भिजवता, तवा नॉनस्टिक आहे, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून सोडाही घालून पाहिला, तरी घावन जाड आणि चिवट होतं. सोडा आधी बाजूला ठेवा. घावनाला जाळी पडते ती तापलेल्या तव्यामुळे आणि पातळ पिठामुळे. आंबवायचं तर आंबोळ्या करा. घावनाचं पीठ भिजवलं की थोड्याच वेळात घालायचं असतं, म्हणूनच तर कोकणात सकाळच्या न्याहारीला तेच होतं.

पीठ तव्यावर पडताच चर्र असा आवाज आला पाहिजे. त्या क्षणी पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वर उसळते. जिथून ती बाहेर पडते तिथे भोक राहतं. तांदळाचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजून घट्ट होतो, त्यामुळे ते भोक पुन्हा बुजत नाही. तवा कोमट असला तर पीठ नुसतं पसरतं आणि वाफेला जोर येईपर्यंत सगळं आळून बसतं. घट्ट पिठातही हेच होतं, वाफेला वाट मिळत नाही.

प्रमाण सांगते. एक वाटी पिठाला दोन वाट्या पाणी आणि चवीपुरतं मीठ. तांदूळ जुना असेल तर आणखी पाव वाटी पाणी सहज लागतं. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग उरलेलं पाणी घाला आणि १५-२० मिनिटं झाकून ठेवा. डाव बुडवून उचलला की पीठ पातळ ताकासारखं धार धरून पडलं पाहिजे. पहिल्यांदा करणाऱ्याला ते हमखास जास्त पातळ वाटतं, पण तेच बरोबर आहे. घाबरून त्यात मैदा किंवा रवा घालू नका. मैद्याने चिवटपणा येतो, आणि तांदळाची चव जाते ती वेगळीच.

एक गोष्ट पाककृतींत बहुधा लिहिलेली नसते. तांदळाचं पीठ तळाशी बसतं. प्रत्येक घावनाआधी डाव तळापर्यंत घालून ढवळायचं, दर वेळी. नाहीतर सुरुवातीची घावनं विरविरीत होतात आणि शेवटची दोन जाडजूड, आणि आपण उगाच तव्याला दोष देत बसतो.

आता पीठ. मोदकाचं पीठ बहुतेक वेळा आंबेमोहोरासारख्या सुवासिक, चिकट तांदळाचं आणि फार बारीक दळलेलं असतं. उकडीला तो चिकटपणा हवाच, घावनाला नको. इंद्रायणीचंही तेच. साधा जाडा जुना तांदूळ किंवा कोलम धुऊन, सावलीत कापडावर वाळवून गिरणीतून दळून आणा. तेवढा वेळ नसेल तर तांदूळ पाच-सहा तास भिजवून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे बारीक वाटा आणि पाणी घालून पातळ करा. ही घावनं पिठाच्या घावनांपेक्षा मऊ होतात आणि मला जास्त आवडतात.

तवा शक्यतो बिडाचा घ्या. नॉनस्टिकवर इतकं पातळ पीठ धरत नाही, सरकतं. नवा बिडाचा तवा तेल लावून तापवायचा, त्यावर कांदा काळपट होईपर्यंत परतायचा, आणि हे तीन-चारदा करायचं. पुढे त्याला साबण आणि घासणी लावायची नाही, तो तवा चपातीलाही वापरायचा नाही. तेल लावायला अर्धा कांदा सुरीला टोचून घ्या किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवा. तेल पुसल्यासारखं लागलं पाहिजे, थारोळं नको.

पीठ घालताना गॅस मोठा. डावाने कडेपासून आत येत गोल घाला आणि डोशासारखं डावाच्या पाठीने फिरवू नका, तिथेच जाळी मरते. मध्ये रिकामी जागा राहिलीच तर पिठाचे चार थेंब टाका. लगेच झाकण, गॅस मध्यम, मिनिटभर थांबा. कडा आपोआप सुटून वर आल्या की मगच उलथनं घाला. त्याआधी घाई केली तर चांगल्या तव्यावरही घावन फाटतं. दुसरी बाजू जेमतेम काही सेकंद शेकली तरी पुरे. पुढचं घालण्याआधी तवा पुन्हा तापू द्या. गरम घावनं एकावर एक रचू नका, चिकटतात. चाळणीवर किंवा सुती कापडावर पसरा, वाफ गेली की चौघडी घाला.

सोबत ओल्या नारळाची चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ किंवा नुसता चहा. पण एकदा रस करून बघाच. एका नारळाचं घट्ट दूध काढा, त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ हाताने विरघळवा, वेलची आणि कणभर मीठ घाला. गॅसवर ठेवू नका, दूध फाटतं. घावन त्या रसात बुडवून खायचं, त्यामुळे जाळी चांगली पडलेली असली तर रस आतपर्यंत मुरतो. उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं. वर आलेलं पाणी ओतून द्या, ताजं घाला आणि तव्यावर एक लहानसं घावन घालून आधी अंदाज घ्या.