बाहेरच्या कंपनीने न सांगता एपीआय बदलला तर आपलं सॉफ्टवेअर कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की पेमेंट, एसएमएस, कुरिअर अशा पाच-सहा बाहेरच्या सेवांवर तुमचं सॉफ्टवेअर चालतं, त्यातल्या कोणी आपला एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, बदलला की रात्री फोन वाजतो. मग मधे स्वतःचा अडॅप्टर (त्यांची भाषा आपल्या भाषेत आणणारा दुभाषी कोड) लिहावा, की जुनं व्हर्जन चालू ठेवूनच नवं आणणारी कंपनी निवडावी? अडॅप्टर लिहा. कंपनी आपण निवडतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा सेल्सवाल्यांच्या मीटिंगला बसावं.

रात्री फोन वाजतो हे मात्र नशीब समजा. आमचा वाजला नव्हता.

रत्नागिरीचे एक आंबेवाले आमचे क्लायंट. त्यांच्या ऑर्डरी आम्ही पुण्यात बसून क्लाउडवर सांभाळायचो. दोन डझनांची पेटी, बरेचसे पैसे सीओडीने, म्हणजे पेटी हातात पडल्यावर कुरिअरवाल्याकडे. कुरिअरकडून वेबहूक (त्यांच्या सिस्टीमने आपणहून आमच्या सिस्टीमला पाठवलेला निरोप) यायचा, त्यात ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की आम्ही ऑर्डर बंद करायचो, सीओडी येणे म्हणून नोंदवायचो आणि गिऱ्हाइकाला मेसेज टाकायचो की पेटी पोहोचली, आंबे कसे निघाले कळवा. एका एप्रिलमध्ये, ऐन अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत, कुरिअरने परत आलेल्या पेट्यांनाही ‘डिलिव्हर्ड’च पाठवायला सुरुवात केली. म्हणजे पेटी रत्नागिरीच्या गोडाऊनला परत पोहोचली, तरी डिलिव्हर्ड. शेजारी एक नवं फील्ड होतं, त्यात लिहिलेलं असायचं की ही जाणारी पेटी की आरटीओ (गाड्यांचं आरटीओ नव्हे, माल परत येतो ते). आमचा कोड अनोळखी फील्डकडे बघतच नसे. तसंच शिकवलेलं असतं सगळ्यांना. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल, त्याने 1980 साली टीसीपीच्या आरएफसीत (इंटरनेटवर डेटा कसा पाठवायचा त्याच्या नियमपत्रात) सांगून ठेवलं की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. त्या उदारपणाची फळं आम्ही अकरा दिवस खाल्ली.

अकरा दिवस प्रत्येक कॉलला 200, म्हणजे ‘सगळं ठीक’चा कोड. डॅशबोर्ड श्रावणातल्यासारखा हिरवागार. नागपूरचे एक गृहस्थ गावाला गेले होते, पेटी परत फिरली आणि त्यांना आमचा ‘पोहोचली’चा मेसेज गेला. पेटी शेजाऱ्याने घेतली असणार म्हणून ते त्याच्याशी भांडून बसले. इकडे गोडाऊनमध्ये परत आलेल्या पेट्या कोणी उघडेना, कारण सिस्टीममध्ये परतीचं काही दिसतच नव्हतं. वासावरून कळायला हवं होतं, पण मे जवळ आला की तिथे सगळ्यालाच आंब्याचा वास.

सापडलं ते अकाउंट्सच्या मॅडमना. त्यांची स्वतःची एक एक्सेल शीट होती. दर गुरुवारी कुरिअरकडून आलेले पैसे आणि आमच्या डिलिव्हर्ड पेट्या त्या समोरासमोर लावायच्या. त्या आमच्या बेंचपाशी आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या कॉम्प्युटरने 93 पेट्या पोचवल्या, पैसे 71 चे आलेत. बाकीचे आंबे कोणी खाल्ले?”

आता माझं दुखणं. हाच ताळा रोज आपोआप लावायला मी तीन महिने आधी दोन दिवस मागितले होते. सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारे आमचे तेव्हाचे आर्किटेक्ट साहेब म्हणाले, ते अकाउंट्सचं काम, आपण रेझिलियन्स बघू, म्हणजे समोरचा पडला तरी आपण कसे तगू ते. मग दोन आठवडे रिट्राय (पुन्हा विचारून बघणं) आणि सर्किट ब्रेकर (सारखं अपयश आलं की विचारणं थांबवणं) लिहिण्यात गेले. सर्किट ब्रेकर समोरचा पडला तर कामाचा. इथे समोरचा ठणठणीत उभा होता आणि गोड बोलत होता. घोळ निस्तरल्यावर अहवालात ‘व्हेंडर चेंज’ असं लिहून कॉन्ट्रॅक्ट टेस्ट, म्हणजे समोरून येणारा डेटा ठरल्या साच्यात आहे का ते बघणाऱ्या चाचण्या, वाढवल्या. त्यासुद्धा हिरव्याच आल्या असत्या, कारण त्या साचा तपासतात आणि साचा मोडलाच नव्हता. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला.

तारीख सांगून येणाऱ्या बदलांची मला फार भीती वाटत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही वेबसाइटांना सुरक्षेची सर्टिफिकेटं फुकट देणारी संस्था. 30 सप्टेंबर 2021 ला तिची जुनी साखळी ज्या मूळ (रूट) सर्टिफिकेटवर उभी होती त्याची मुदत संपली. ती तारीख त्याच्यावर 2000 सालापासून छापलेली होती, तरी त्या दिवशी बऱ्याच जणांची धावपळ झाली. 8 मार्च 2021 ला व्यावसायिक एसएमएसचा मजकूर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी ताडून बघायला सुरुवात झाली, देशभर ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायने (दूरसंचार नियामकाने) सात दिवसांची सवलत दिली. दोन्हीकडे आरडाओरडा लगेच झाला. आरडाओरडा झाला की माणूस दुरुस्त करतो.

म्हणून अडॅप्टर लिहाल तेव्हा त्यात शेवटचा ‘एल्स’ (ओळखीचं काहीच जुळलं नाही तर काय करायचं ती ओळ) गप्प बसणारा ठेवू नका. अनोळखी स्टेटस आलं की ते वेगळ्या रांगेत टाका, माणूस बघेल. नवीन फील्ड पहिल्यांदा दिसलं तर घ्या खुशाल, पण एक अलर्ट जाऊ द्या. आणि बाहेरून आलेला मूळ मजकूर जसाच्या तसा निदान तीन महिने जपा. आमच्याकडे तो होता (स्टोरेजच्या खर्चावरून त्यालाही साहेबांचा विरोध होता), म्हणून 22 पेट्या एका दुपारीत हुडकल्या. पेमेंटचं थोडं वेगळं आहे: तिथे ‘पैसे मिळाले’ म्हणून आलेल्या कॉलबॅकवर, म्हणजे त्यांच्या निरोपावर, विसंबूच नका, उलट फिरून त्यांच्या स्टेटस एपीआयला विचारा आणि मगच ऑर्डर पक्की करा. दिवसाला दहाच ऑर्डरी असतील तर यातलं काही नको, एक्सेल पुरे.

आणि हो, ‘न सांगता’ म्हणालात, तर आमच्या कुरिअरने सांगितलं होतं. महिनाभर आधी मेल आला होता, पण ज्या मुलाने खातं उघडलं त्याच्या पत्त्यावर, आणि तो दिवाळीतच नोकरी सोडून गेलेला. तेव्हा प्रत्येक सेवेकडे एका माणसाचा नव्हे, ग्रुपचा मेल द्या. हे काम मात्र माझं होतं, मी केलं नव्हतं.

ताळ्याचा जॉब पुढच्या महिन्यात मीच लिहिला. कॉलमची नावं मॅडमच्या शीटमधलीच ठेवली, आणि फरक निघाला की ज्या चॅनलवर अलर्ट येतो त्याचं नाव अजून ‘आंबे कोणी खाल्ले’ आहे. साहेब, तुम्ही इथे वाचत असता हे मला माहीत आहे. दोनच दिवस लागले.